पाण्याचा मुक्काम: खारेपाटापासून झाडीपट्टीपर्यंत आठ दिवस

दोन वर्षांपूर्वी मुळशीहून पाच किलो आंबेमोहराचं बी आणून मी माणगावच्या आमच्या माळावरच्या दोन खाचरांत लावलं होतं. रोपं देखणी झाली, कमरेच्या वर गेली, शेजारचे बघायला आले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस उघडला, खाचरं भेगाळली, आणि लोंब्या मात्र तेव्हा कुठे पोटरीतून डोकावत होत्या. झोडणी झाल्यावर वारवायला घेतलं तर निम्म्याहून जास्त पीक वाऱ्याबरोबर गेलं. सगळं पोचट. धाकटा भाऊ सूप खाली ठेवत एवढंच म्हणाला, "ताई, तीस वर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवलंस ना गं?"

ते वाक्य टोचत राहिलं. यंदा निवृत्तीनंतरचा पहिला ऑक्टोबर मोकळा मिळाला, तशी पिशवी भरली. ऑक्टोबरच का, तर भाताचं वय बघायचं असेल तर हाच महिना. लवकर पिकणारं हळवं कापून झालेलं असतं, मधल्या वयाचं निमगरवं पिवळं पडत असतं आणि उशिरा पिकणारं गरवं फुलावर किंवा दुधात असतं. तीन वयं एकाच दिवशी बघायला मिळतात.

दिवस पहिला: खारेपाट

माणगावहून पेण, पेणहून पोयनाड. पुढे एका जुन्या विद्यार्थ्याच्या स्कूटरवरून त्याच्या गावाकडे. डोंगर मागे राहिले आणि अलिबागच्या खारेपाटाची ती सपाटी सुरू झाली. तिथे उभं राहिलं की समुद्र कुठे संपतो नि शेत कुठे सुरू होतं हे फक्त बांधामुळे कळतं. ही जमीन माणसानं खाडीकडून हिसकावलेली. बांधात जागोजागी उघाड्या बसवलेल्या: ओहोटीला झडप बाहेर ढकलली जाते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं, भरतीला तीच झडप खाडीच्या दाबानं घट्ट मिटते. वीज नाही, मोटर नाही, सगळा कारभार चंद्राच्या हातात. इथूनच जवळ चरी गाव. १९३३ साली खोतांविरुद्ध सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप तिथे सहा वर्षं चालला. सहा वर्षं स्वतःची खाचरं ओसाड ठेवणं म्हणजे काय, हे या बांधावर उभं राहून जास्त कळतं, कारण खार जमीन नुसती पडून राहत नाही, तिच्यात पुन्हा खार चढतो.

विद्यार्थ्याचे वडील बांधावरच भेटले. मी वहीबिही काढायच्या आत त्यांनीच विचारलं, "बाई, तुमच्या शेतात पाणी किती दिवस ऱ्हातं?" मी म्हटलं, "पावसाळाभर." ते हसले. "तो आकडा नाय झाला."

मग त्यांनी मला चालवलं. बांधाला लागून काळा राता आणि भुरा राता. नावातला पहिला शब्द टरफलाच्या रंगाचा आणि दुसरा आतल्या तांबड्या दाण्याचा, असं त्यांनी एक दाणा दातांनी सोलून दाखवलं. दोनतीनशे पावलं आत गेल्यावर राता संपला आणि सुधारित जाती लागल्या. मधे कुंपण नाही, रेघ नाही. रेघ जमिनीखाली आहे. पावसाचे चार महिने गोडं पाणी वरून खार दाबून धरतं. पाऊस थांबला की तोच खार केशाकर्षणानं वर चढतो, आणि बांधाजवळ आधी चढतो.

मिठापुढे भात दोनदा हतबल असतं, कोवळ्या रोपाच्या वयात आणि फुलोऱ्यात. मधल्या काळात ते बरंच सोसतं. खारेपाटात नेमके हेच दोन काळ वाईट: जूनमध्ये पहिल्या पावसानं खार पुरता धुतलेला नसतो आणि ऑक्टोबरात तो परत येतो. म्हणून इथे बऱ्याच ठिकाणी रोपं काढून लावायच्या भानगडीत न पडता मोड आलेलं बी चिखलात फेकतात. त्याला रहू म्हणतात.

"खांड पडलेलं वरीस आठवतं?" मी विचारलं. बांध फुटून खाडी आत शिरणं म्हणजे खांड. काका म्हणाले, "खांड पडली का पांढरं जातं, तांबडं ऱ्हातं. मग दुसऱ्या वर्षाला बी कशाचं करणार? जे ऱ्हायलं त्याचंच."

वर्गात नैसर्गिक निवड शिकवताना मी दरवर्षी तीच पतंगांची आणि चोचींची उदाहरणं देत आले. खारेपाट घरापासून दोन तासांवर होता. शेकडो वर्षांतल्या कितीतरी खांडींनी इथलं बी चाळलेलं आहे. शिवाय ही चाळण एकाच किनाऱ्यावर लागलेली नाही. गोव्याच्या खाजणात कोरगुट, केरळात पोक्कली, बंगालात नोना बोकरा, सगळी खाऱ्या पाण्यातली भातं. नोना बोकराच्या पहिल्या गुणसूत्रावर शास्त्रज्ञांना एक जनुक सापडलं. मुळांतून वर निघालेलं सोडियम पानांपर्यंत पोचण्याआधी वाटेत काढून घेणारं प्रथिन ते बनवतं. पोक्कलीतला 'सॉल्टॉल' नावानं ओळखला जाणारा पट्टाही त्याच गुणसूत्रावर आहे. थोडक्यात, उघाडीसारखीच एक झडप रोपाच्या आतही आहे. (ही उपमा काकांना सांगितली. त्यांना ती फारशी पटली नाही. उघाडी दरवर्षी दुरुस्त करावी लागते, म्हणाले.)

निघताना वर्तमानपत्रात बांधून मूठभर काळा राता दिला. माणगावच्या माळावर मीठ नाही, तो तिथे चालेल का, असं विचारलं. "चालेल. पण कशाला?" या उत्तरात बरंच काही होतं. मीठ सोसणाऱ्या वाणाला गोड्या जमिनीत त्या गुणाचा काही फायदा नाही, आणि उत्पन्नात तो दुसऱ्यांच्या मागे पडतो. म्हणूनच तो बांध सोडून आत सरकत नाही.

दिवस दुसरा: ताम्हिणी, मुळशी

माणगावहून पुण्याची एसटी ताम्हिणीतून जाते. दीड तासाच्या या वळणांत भाताचं पंचांग दोनदा बदलतं. पायथ्याच्या विळे गावाजवळ हळव्याचे भारे बांधून उडव्या रचणं चाललेलं. घाट चढून मुळशीच्या बाजूला उतरलं तर सगळं हिरवं. आंबेमोहर फुलावर आलेला. माझ्या अपयशाचं मूळ गाव.

ज्यांच्याकडून ते बी आणलं होतं त्या ओळखीच्या ताईंकडे उतरले. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या खाचरात उकिडवी बसून लोंबीकडे बघत राहिले. भाताचं फूल उघडतं ते तासा-दीड तासापुरतं. पिवळे परागकोश बाहेर लोंबतात, पराग सांडतो आणि टरफल पुन्हा मिटतं. बहुतेक फुलांत हे लग्न घरच्या घरीच उरकतं, टरफल उघडताउघडताच स्वतःचा पराग स्वतःच्या कुक्षीवर पडलेला असतो. बाहेर उडालेला पराग काही मिनिटांत मरतो. त्यामुळे शेजारच्या वाणाशी संकर शंभरात जेमतेम एखाद्या दाण्यात होतो. भातात इतके वाण इतक्या जवळजवळ राहूनही एकमेकांत मिसळून गेले नाहीत, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण दिवसांचं आहे, आणि माझ्या पोचट पिकाचं उत्तरही तिथेच आहे. जुनी गरवी भातं दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. जूनअखेरपासून रात्र वाढत असते, २२-२३ सप्टेंबरला दिवसरात्र सारखे होतात, मग रात्र दिवसाहून मोठी होते. रात्र पुरेशी लांबली की पानांतून शेंड्याकडे फुलायचा निरोप निघतो. त्यामुळे गरवं भात जूनमध्ये पेरा की जुलैत, फुलणार साधारण एकाच सुमाराला. हळव्यांमध्ये हा रात्र बघणारा भागच मोडलेला किंवा मंद झालेला असतो. भाताचं एचडी-१ नावाचं जनुक या कामातलं मुख्य, आणि त्याच्या निकामी झालेल्या किती तरी आवृत्त्या जगभरच्या वाणांत सापडल्या आहेत. मोडलं म्हणून बिघडलं असं नाही. माळावर पाणी सप्टेंबरअखेर जातं, तिथे रात्रीची वाट बघणारं रोप उपाशी मरतं. मोडलेल्या घड्याळाचं रोप मात्र नव्वद-शंभर दिवसांत दाणा भरून मोकळं होतं. उलट खोलगट पाणथळ जागेत हळवं लावलं तर ते भर पावसात फुलणार, पराग धुऊन जाणार आणि दाणा भिजत पिकणार. म्हणजे कुठलं जनुक चांगलं, हे खाचर उतारावर कुठे आहे त्यावर ठरतं. आणि गंमत अशी की हळवं नि गरवं एकाच बांधाच्या दोन बाजूंना असली तरी त्यांची फुलं कधी भेटत नाहीत. त्यांच्यामधे महिन्याभराची भिंत आहे.

मी माळावर १४५-१५० दिवसांचं भात लावलं होतं. शाळेतली मुलगीही करणार नाही अशी चूक.

ताईंनी दुपारी मागच्या वर्षीचा आंबेमोहर शिजवला. झाकण काढलं तेव्हा ओसरीवर बसलेल्या मला तो कळला. या वासाचा रेणू म्हणजे टू-ॲसिटाइल-वन-पायरोलीन. आपल्याकडे साध्या भातात 'आंबेमोहराचं पान' घालतात, त्या केवड्याच्या जातकुळीतल्या पानातही तोच रेणू असतो, त्यामुळे पानाला ठेवलेलं नाव शास्त्रालाही मान्य व्हावं. भाताच्या आठव्या गुणसूत्रावरचं बीएडीएच-२ हे जनुक शाबूत असेल तर हा रेणू तयारच होत नाही. ते मोडलं की वास. सुगंध ही म्हणजे एक दुरुस्त न झालेली चूक, आणि ती माणसाला आवडली म्हणून जपली गेली. मोडकं जनुक मात्र नुसता परवाना देतं. वास किती साठेल हे दाणा भरतानाच्या हवेवर असतं. घाटमाथ्यावर दाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गार रात्रींत भरतो. तेच बी उकाड्यात भरलं तर वास उणावतो. माझ्या खाचरात जे दाणे भरले होते त्यांनाही इतका वास नव्हता. तेव्हा मला बियाण्यात भेसळ वाटली होती. मनातल्या मनात ताईंची माफी मागितली.

संध्याकाळी मुळशी धरणाकडे गेलो. या पाण्याखाली खोऱ्यातली सगळ्यात सखल, सगळ्यात खोल मातीची भातखाचरं गेली. त्यासाठी १९२१ साली सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले. सखल भाग बुडाला की नुसती जमीन जात नाही, त्या पायरीवरचं बीही जातं. वरच्या पायरीला ते चालत नसतं. तिथे कुठले वाण होते, हे सांगणारं कुणी मला भेटलं नाही.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ हा बुटका वाण यांच्या संकरातून 'इंद्रायणी' दिली. उंची कमी, लोळत नाही, उत्पन्न जास्त, थोडा वास राखलेला. मावळ-मुळशीत आज जिकडेतिकडे तीच. ताईंच्याही पाच खाचरांपैकी चारांत इंद्रायणी होती. पाचवं खाचर घरच्या पाहुण्यांचं, म्हणाल्या.

दिवस तिसरा: आजरा

पुण्याहून आजऱ्यापर्यंत दिवस बसमध्येच गेला. उसाच्या पट्ट्यातून जाताना झोप लागली आणि गडहिंग्लजच्या पुढे हवेतल्या गारव्यानं जाग आली. पोचेपर्यंत ऊन कललं होतं, त्यामुळे बघणं थोडंच झालं. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आजरा घनसाळ इथला. त्याच्या शेजारी काळा जिरगा, जिऱ्याएवढा दाणा, काळं टरफल.

एक गोष्ट मात्र मनात बसली. एका आजोबांच्या घनसाळाच्या खाचरात काही रोपं बोटभर उंच होती, काहींच्या लोंब्या चार दिवस पुढे, एक-दोन कुसळवाल्या. मी म्हटलं, "मिसळ झालीय." त्यांना राग आला. "मिसळ कसली? घरचं बी आहे. सगळी भावंडं एकसारखी असतात व्हय?"

संशोधन केंद्रातून निघणारा वाण एकाच रोपाची संतती असतो, सगळे जुळे. घरचं बी म्हणजे भाऊबंदकी. पाऊस लवकर गेला तर पुढे असलेली चार भरतात, लांबला तर मागची. एखादं साल कुणाचंही वाईट जातं, सगळ्यांचं एकदम जात नाही. दर थोड्या वर्षांनी ते पलीकडच्या खोऱ्यातल्या लेकीच्या सासरहून बी बदलून आणतात. पराग काही मिनिटांत मरतो, पण लेक बसनं जाते. भाताच्या गुणसूत्रांचा नकाशा काढायचा तर सोयरिकींचाही काढावा लागेल.

दिवस चौथा: आंबोली उतरून

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सावंतवाडीकडे उतरताना कान दडपले. खाली आल्यावर भाषा बदलली आणि तांदूळ तांबडा झाला.

तळकोकणात भरड म्हणजे वरची कठीण जमीन, मळे म्हणजे खालची भारी. दोहोंची बी वेगळी, हे आता सांगायला नको. मला ओढ होती ती तांबड्या दाण्याची. तांबडा हा भाताचा मूळ रंग. सातव्या गुणसूत्रावरच्या आरसी नावाच्या जनुकातून डीएनएची चौदा अक्षरं गळाली आणि दाणा पांढरा झाला. जगातल्या जवळजवळ सगळ्या पांढऱ्या तांदळात तीच चौदा अक्षरं गळालेली आहेत, म्हणजे चूक एकदाच झाली आणि हातोहात जगभर गेली. इथवर मला ठाऊक होतं. ज्या काकूंकडे जेवायला होते, त्यांनी पुढचं सांगितलं. परतीचा पाऊस कापणीला गाठतो तेव्हा पांढऱ्या भाताला लोंबीवरच मोड येतात, "तांबड्याक तसा होणा नाय." त्याचं कारणही त्याच जनुकात आहे: तांबडा रंग देणारं हे जनुक दाण्याला झोपवूनही ठेवतं, लगेच रुजू देत नाही. पांढऱ्याच्या नादात जगानं ती झोपही घालवली. जिथे कापणीच्या वेळी आभाळ कोरडं असतं तिथे याचा पत्ताही लागला नसेल. तळकोकणात ऑक्टोबरचा भरवसा नाही. मला वाटतं इथे तांबडा टिकला त्यात चवीइतकाच पावसाचाही हात असावा. हे माझं मत. काकूंचं मत असं की पेजेला पांढऱ्यात दम नाही.

दुपारी त्यांच्या मुलानं गावाबाहेरच्या तळीकडे नेलं. कडेच्या पाण्यात भातासारखंच काहीतरी, पण अस्ताव्यस्त. लांबलचक तांबूस कुसळं, लोंबी विस्कटलेली. मी बोट लावलं तसे तीन दाणे पाण्यात पडले. "ह्या देवभात. कोणी पेरूक नाय, आपणच येता." ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, तेव्हा या जंगली भाताला मान.

ज्या रोपांपासून आपलं सगळं भात आलं, त्यांच्यापुढे मी गुडघाभर चिखलात उभी होते. जंगली रोपाला दाणा गळणं हवंच असतं, नाहीतर पेरणार कोण? माणसाला नेमकं उलट हवं. न गळणारा दाणा विळ्याबरोबर घरी आला आणि बी झाला. या फरकात एसएच-४ नावाच्या एका जनुकाचा मोठा वाटा आहे आणि त्यातला निर्णायक बदल एका अक्षराचा. तळीपासून वीस पावलांवर लागवडीचं खाचर होतं. या वीस पावलांत कधीतरी, शंभरातल्या त्या एखाद्या दाण्यातून, देणंघेणं चालू असतं. सगळं निवडून निवडून घरचं झालेलं बी अधूनमधून रानातून काहीतरी उसनं आणतं.

परत येताना एक चप्पल तळीनं ठेवून घेतली.

दिवस पाचवा आणि सहावा: गाडीत

सावंतवाडीहून सकाळच्या एसटीनं कोल्हापूर (नवी चप्पल तिथेच) आणि दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेस. ही गाडी राज्य न सोडता कोल्हापूरहून गोंदियाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचते. एका भातापासून दुसऱ्या भातापर्यंत. मधे भात नाही. सातारा-पुण्याकडे ऊस, रात्री अंधार, उजाडल्यावर खानदेशात केळी आणि कापूस, मग विदर्भात कापूस नि सोयाबीन. सह्याद्रीनं पाऊस अडवून ठेवल्यावर जे उरतं त्यात पिकणाऱ्या गोष्टी.

खिडकीत बसून मी मोबाइलवर २०१८ साली प्रसिद्ध झालेला तीन हजार दहा भातवाणांच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास पुन्हा चाळला. ८९ देशांतले वाण. त्यांची नाती जुळवली तर इंडिका या मोठ्या कुळातली भातं बरीचशी भूगोलाप्रमाणे वेगळी झाली: पूर्व आशियाचा एक गट, दक्षिण आशियाचा एक, आग्नेय आशियाचा एक. सगळ्यात मनोरंजक चौथा, आधुनिक वाणांचा. त्याला भूगोल फारसा नाही. संशोधन केंद्रांनी देशोदेशींचे पालक एकत्र आणून बनवलेली ही भातं पाणी, खत आणि उंची यांच्या एकाच साच्यासाठी निवडलेली. एवढ्या उंचीवरून पाहिलं तर नकाशा सुरेख दिसतो. पण पोयनाडच्या बांधाजवळची ती दोनतीनशे पावलं या नकाशात टिंबाएवढीही नाहीत.

शेजारी बसलेल्या भंडाऱ्याच्या आजी माझ्या पिशवीतल्या पुड्या बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "काय हाये जी त्यात?" भाताचं बी, म्हटलं. "भात ताटात राह्यते. बांधीत राह्यते तो धान."

दिवस सातवा: नवेगावबांध

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या पट्ट्यात, माझे सगळे शब्द बदलावे लागले. खाचराची बांधी, लावणीची रोवणी, रोपांचे पऱ्हे, हळव्याचा हलका धान, गरव्याचा भारी धान. जे रोवत नाहीत, नुसतं फेकून पेरतात, तो आवत्या. शब्द वेगळे, हिशेब तोच, फक्त पाणी ठेवणारा निराळा. कोकणात पाणी कुठे किती थांबेल हे उतार ठरवतो. इथे जमीन जवळजवळ सपाट, पाऊस कोकणाच्या निम्म्याहून कमी आणि मधेच पंधरा-पंधरा दिवस दडी मारणारा. म्हणून इथल्या माणसांनी पाण्याला घर बांधून दिलं. कोहळी समाजानं गोंड राजवटीत बांधलेले तलाव, पुढे माजी मालगुजारी तलाव म्हणून कागदावर चढलेले, आजच्या बोलीत त्याचंच आखूड रूप मामा तलाव. नवेगावबांध त्यांतला थोरला. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून पाणी पाहिलं तर तलाव म्हणायला जीभ कचरते.

सोबत आलेल्या शेतकरीदादांनी मातीची नावं पायाखाली दाखवत नेलं. काळसर मोरांड. पिवळट, हलकी सिहार. खडे लागले की बरडी. पाळीखालच्या पहिल्या बांध्यांमध्ये पाणी शेवटपर्यंत हमखास, तिथे भारी धान, अजून दुधात. नहराच्या, म्हणजे पाटाच्या, शेपटाशी सिहार मातीत हलका धान कधीच कापून नेलेला. मी पावलं मोजली नाहीत, पण मुळशीचा अख्खा उतार इथे पाटाच्या लांबीत आडवा घातलेला होता.

एका बांधीत गवतासारखे काही दाणे खाली पडलेले दिसले. "करगा," दादा म्हणाले. जंगली धानाचं रक्त शिरलेलं तण. रोप असताना ते धानासारखंच दिसतं, निंदताना ओळखू येत नाही, आणि कापायच्या आत गळून पुढच्या वर्षीची पेरणी स्वतःच करून ठेवतं. आवत्यात जास्त त्रास, कारण रोवणीत निदान ओळ असते. यावर जुनी युक्ती म्हणजे जांभळ्या पानाचा धान पेरायचा, मग हिरवं दिसेल ते उपटायचं. सावंतवाडीच्या तळीत मला देवभाताचं कौतुक वाटलं होतं, इथे त्याच्याच भाऊबंदाला शिव्या ऐकल्या. उसनं देणारा तोच आणि तगादा लावणाराही तोच.

रात्री जेवायला चिन्नोर. २०२३ साली भंडाऱ्याच्या चिन्नोरला मानांकन मिळालं. वास आंबेमोहराहून निराळा, जरा मऊ. वाढणाऱ्या वहिनींना मी बी मागितलं. त्या डबा उघडता उघडता थांबल्या. "तुमच्या बांधीत पाणी कधीवरी राह्यते?"

या खेपेला मी पावसाळाभर म्हटलं नाही. माहीत नाही, म्हटलं. वहिनींनी डबा बंद केला नाही, पण मूठ लहान केली.

दिवस आठवा: नागभीड

गोंदिया-बल्लारपूर मार्गावरची गाडी धानाच्या मधूनच जाते. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे दादाजी खोब्रागडे यांचं गाव. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या शेतात त्यांना तीन लोंबं वेगळी दिसली, पिवळसर दाण्यांची. ती त्यांनी वेगळी ठेवली, वेगळी पेरली, पुन्हा निवडली, असं वर्षानुवर्षं. त्यातून आलेल्या धानाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं: एचएमटी. दादाजी २०१८ साली गेले.

मी गावात फार काही केलं नाही. बांधाबांधानं चालले. दोन्ही बाजूंना बारीक दाण्याचा धान, एका उंचीचा, एकाच दिवशी वाकलेला, नजर पोचेल तिथवर. आजऱ्याच्या आजोबांची भावंडं आठवली. एका माणसाच्या नजरेला तीन लोंबं वेगळी दिसली कारण त्या शेतात वेगळं असायला जागा होती. आज या बांध्यांमध्ये कुणी तेवढ्याच चिकाटीनं बघितलं तर त्याला काय वेगळं दिसेल, हा प्रश्न मी तिथल्या एका तरुण शेतकऱ्याला विचारला. तो मोटरसायकल थांबवून विचार करत राहिला. "आमच्या आजीकडं एक धान होता," म्हणाला, "बोडीच्या काठचा. नाव आठवत नाही. ती बोडी बुजली ना, मग कोण लावते?" (बोडी म्हणजे लहान तळं.)

नागभीडच्या फलाटावर गाडीला दोन तास होते. पिशवीतल्या पुड्या बाकावर मांडल्या: काळा राता, घनसाळ, तांबडं, चिन्नोर. आंबेमोहराची पुडी ताईंनी न मागता घातलेली. घरी फोन लावला. भावाला म्हटलं, माळावरच्या वरच्या खाचरात, मधल्यात आणि ओढ्याकडच्या खालच्यात एकेक काठी रोव, आणि कुठलं पाणी कुठल्या तारखेला गेलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही.

"वरच्यातलं गेलं की केव्हाच," तो म्हणाला.

"कधी?"

तो जरा थांबला. मागे वहिनीला हाक मारून विचारल्याचा आवाज आला. "ती म्हणते घटस्थापनेला होतं. दसऱ्याला नव्हतं."

"आणि खालचं?"

"खालच्यात अजून बेडूक ओरडतात."

मी आंबेमोहराच्या पुडीवर पेन्सिलीनं 'खालचं' असं लिहिलं.